एकतिसावा रकाना

सोमवारी सकाळी दहाला दहा मिनिटं कमी असताना टपालबाईंनी जिन्यावरून मला हाक मारली, आणि ती हाक ऐकताक्षणीच मला कळलं की ही चहाची हाक नव्हे. चहाच्या हाकेला शेवटी एक लांबलेला सूर असतो. ही हाक मध्येच तुटली होती. मी वर गेलो. त्यांच्या पडद्यावर एक निळी पट्टी होती, डावीकडून उजवीकडे भरत गेलेली, आणि शेवटाला नखभर जागा सोडून गप्प बसलेली. बाजूला आकडा, नव्याण्णव टक्के. खाली एकच ओळ, ‘कृपया प्रतीक्षा करा’. "वीस मिनिटं झाली, करतेय प्रतीक्षा," टपालबाई म्हणाल्या. "अजून किती करू तेवढं सांगा, म्हणजे विणकाम काढते." मी म्हणालो, "बंद करून चालू करा." हे वाक्य मी सतरा वर्षं म्हणत आलो आहे आणि त्यावर माझं घर चाललं आहे. दहापैकी सात वेळा यंत्र खरंच सुधारतं, दोन वेळा माणूस कंटाळतो, आणि उरलेल्या एका वेळेला मी रजेवर असतो. त्या दिवशी मात्र यंत्र बंद झालं, चालू झालं, पट्टी सरसर भरत गेली, माझ्या चेहऱ्यावर जाणकाराचं हसू आलं, आणि ती नव्याण्णववर येऊन पुन्हा बसली. हसू परत घ्यायला मला जरा वेळ लागला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "माझंपण तेच झालंय हो," आणि मग तिसऱ्या मजल्यावरून फोन आला.

आमचं ऑफिस शहराच्या पोटातल्या पाण्याच्या नळांचे नकाशे सांभाळतं. कुठल्या रस्त्याखाली कुठला नळ, किती खोल, किती जुना, हे आमच्या कागदांखेरीज कोणालाही ठाऊक नाही, आणि पुष्कळदा कागदांनाही नसतं. मोजणीवाले बाहेरून नकाशे पाठवतात, ते इंटरनेटवरून आमच्या सेहेचाळीस कॉम्प्युटरांवर उतरतात, तपासले जातात, आणि मग रस्त्यावर कुदळ घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे जातात. नकाशा उतरला नाही तर कुदळ उतरत नाही. शनिवार-रविवारी मी एकट्याने सगळ्या यंत्रांवर नवी प्रणाली चढवली होती. मदत नको म्हणालो होतो. नको म्हणायला कारण होतं. या ऑफिसात मी सतरा वर्षं आहे, पण माझी ओळख करून देताना अजूनही लोक म्हणतात, "हा बाईंचा मुलगा." बाई म्हणजे माझी आई. चौतीस वर्षं ती इथे तपासणी अधिकारी होती. तिची सही झाल्याशिवाय एकही नकाशा दाराबाहेर जात नसे, आणि तिने न वाचता एकदाही सही केली नाही. पाच वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, तिची जागा कोणी भरली नाही, टेबल हलवलं, पण बाई काही गेल्या नाहीत. कागद नीट लावला की लोक म्हणतात, "बाईंनी बघितला असता तरी चालला असता." मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तिच्यामार्फत वर पाठवला होता. तो संध्याकाळी माझ्या टेबलावर आला. वर लाल शाईत लिहिलेलं, ‘तारीख नाही. परत.’ आम्ही दोघं एकाच बसने घरी गेलो, शेजारी शेजारी बसून, आणि त्या अर्जाबद्दल एक अक्षर बोललो नाही, कारण ऑफिसचं घरी बोलायचं नाही हा तिचा नियम. तर नवी प्रणाली ही या इमारतीतली माझी स्वतःची, बाईंचा हात न लागलेली पहिली गोष्ट ठरणार होती. आणि सोमवारी अकरा वाजता माझी ही पहिली गोष्ट सेहेचाळीस टेबलांवर नव्याण्णववर बसली होती.

पावणेबाराला एक नकाशा उतरला. मग पाच मिनिटांनी दुसरा. मी काहीच केलं नव्हतं, पण त्या वेळी मी एका मजल्यावर टेबलाखाली वायर हातात धरून ओणवा होतो, त्यामुळे श्रेय मला मिळालं. "आता सोडू नका ती वायर," कोणीतरी वरून म्हणालं. मी सव्वा तास तशीच धरून बसलो. टेबलाखालचं जग मला लहानपणापासून माहीत आहे. शाळा सुटली की मी याच इमारतीत आईच्या टेबलाखाली नकाशांच्या गुंडाळ्यांवर बसायचो. तेव्हा नकाशे निळे छापत आणि त्या कागदांना अमोनियाचा असा झणझणीत वास यायचा की माझा पाढ्यांचा अभ्यास अजूनही मला नाकात आठवतो. मला तहान लागायची, लघवीला लागायचं, वहीतलं चित्र दाखवायचं असायचं. वरून आईचा आवाज यायचा, "हे एवढं संपू दे." समोर तिचे दोन पाय, चपला काढून एकावर एक ठेवलेले, आणि पान उलटल्याचा आवाज. ते एवढं कधीच पटकन संपलं नाही. पण संपलं की ती खाली वाकायची, चित्र हातात घ्यायची आणि ते नकाशाइतकंच नीट बघायची, अगदी कोपऱ्यापासून. मग म्हणायची, "घराला दार काढलंस, कडी कुठे आहे?" मी दुपारी एकला टेबलाखालून बाहेर आलो तेव्हा पट्ट्या पुन्हा थांबल्या होत्या, आणि चारपर्यंत एकही हलली नाही.

मंगळवारी मी तक्ता काढला. शिकलेल्या माणसाला काही कळेनासं झालं की तो तक्ता काढतो. कुठल्या टेबलावर, किती वाजता, किती मोठी फाइल, कितीला थांबली, कितीला सुटली. भिंतीवर चार कागद जोडून चिकटवले. त्यातून जे दिसलं त्याने माझी झोपच उडाली. फाइलच्या आकाराशी संबंध नव्हता. यंत्राच्या वयाशी नव्हता. सकाळी साडेदहापर्यंत शुकशुकाट. साडेदहानंतर एक एक फाइल सुटायची, अगदी आल्या क्रमाने, दर चार ते सात मिनिटांनी, मोठा साहेब असो की साधा कारकून, कोणाची ओळख नाही, वशिला नाही. एक ते चार पूर्ण बंद. मग सव्वाचार ते सहा पुन्हा संथ, एकसारखं. बुधवारी अकरा ते साडेबारा मध्येच खंड, आणि त्यानंतर जरा रागाने केल्यासारखी कामं, तीन-तीन मिनिटांत. प्रत्येकाने आपापलं निदान सांगितलं. आराखडेवाले म्हणाले उष्णता. टपालबाई म्हणाल्या, शेजारच्या इमारतीतली लिफ्ट. आमचा म्हातारा शिपाई तक्त्यासमोर बराच वेळ मागे हात बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "जेवून झोपतंय ते." सगळे हसले. मीही हसलो, आणि मनात म्हटलं, अडाणी. आता लिहिताना मला या शब्दाची लाज वाटते, कारण त्या चार कागदांवरचं सत्य त्या इमारतीत फक्त त्यालाच वाचता आलं होतं. मी दिवसभर केबल बदलल्या, दुकानातून इंटरनेटचा नवा खोका आणून बसवला, प्रणाली विकणाऱ्या कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "सर, तुम्ही बंद करून चालू करून बघितलंत का?" मी फोन ठेवला. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट असतं.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची मुदत ठरवून टाकायची खोड आहे. दाढदुखीलाही ते मुदत देतात. म्हणाले, "रस्त्यावर तीन ठिकाणी खड्डे उघडे आहेत. माणसं खड्ड्याच्या काठावर बसून आहेत. शुक्रवार, पाच वाजता. पाचपर्यंत सगळं सुरळीत झालं नाही, तर जुनी प्रणाली परत आणायची आणि हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं." मी विचारलं, "आणि मी?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भांडारात एक माणूस हवाच आहे." मग मला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाले, "बाई असत्या तर असं झालं नसतं बघ." भांडार तळघरात आहे. तिथे नळाचे जुने तुकडे, गंजलेल्या तोट्या, आणि पूर्वी भांडारात पाठवलेला एक माणूस असतो. मी जिना उतरताना कठड्याची निळी पट्टी बघितली, ती खालच्या पायरीच्या जरा अलीकडे संपत होती, आणि मला तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं. त्या दिवसांत मला सगळीकडे तेच दिसायचं. आंघोळीची बादली भरत आली की मी श्वास रोखायचो. लिफ्टचं दार बंद होताना शेवटच्या चार बोटांत अडकेल असं वाटायचं. बायको नर्स आहे, सकाळी सातला रुग्णालयात जाते, तिने माझी नाडी बघितली आणि म्हणाली, "तुला काही झालेलं नाही, फक्त तू असह्य झाला आहेस."

आणि या सगळ्यात घरी आई आनंदात होती. हे मला फार लागलं. निवृत्तीनंतरची पाच वर्षं, आणि विशेषतः बाबा गेल्यानंतरची दोन, ती हळूहळू विझत चालली होती. दुपारी बारापर्यंत विस्कटलेल्या केसांनी बसायची, वर्तमानपत्र हातात उलटं असलं तरी पत्ता नसायचा, काही विचारलं तर "बघू" म्हणायची. मी तिला एक टॅब आणून दिला होता, बागकामाचे व्हिडिओ बघायला. तो तिने उशीखाली ठेवून दिला. आणि आता माझा सत्यानाश होत असताना ही बाई सकाळी आठला उठून, केस नीट बांधून, इस्त्रीचे कपडे घालून, मनगटावर घड्याळ लावून न्याहारी करत होती. जेवताना तिला भूक लागत होती. बुधवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणून तिची चिडचिड झाली, "माझा सकाळचा वेळ मोडला," म्हणाली. कसला वेळ, मी मनात म्हटलं, बागकामाचा? गुरुवारी रात्री जेवायला बसलो तेव्हा माझा चेहरा बघून तिने पानात एक घास जास्त वाढला आणि गुणगुणत आत गेली. गुणगुणत! मला वाटलं, हिला कळलंय. कोणीतरी हिला सांगितलंय की बाईंच्या मुलाने माती खाल्ली, आणि इमारतीला पुन्हा बाईंची आठवण येते आहे. आपल्या आईबद्दल माणसाने असं मनात आणू नये, पण मी आणलं, आणि वर घास गिळला.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला रस्त्यावरून एका मोजणीवाल्याचा फोन आला. आवाजात भीती होती आणि आदर होता. "साहेब, तुमच्या नव्या मशीनने माझा नकाशा परत केला." मी म्हणालो, "थांबला असेल, परत नाही करत ते." "नाही हो, परत आला. वर लिहून आलंय. थांबा, वाचतो. ‘उत्तर दिशा दाखवलेली नाही. परत.’ मी बघितलं, तर खरंच बाण राहिला होता. मशीनला कसं कळतं हो उत्तर कुठे ते?" मी फोनचा आवाज चुकून मोठा केला होता. सगळ्या टेबलांवर माना वर झाल्या. मग कौतुकाची कुजबुज सुरू झाली. आराखडेवाले म्हणाले, "म्हणजे ते विचार करतंय! म्हणून वेळ लागतोय!" साहेब दारात येऊन उभे होते, त्यांचे डोळे चमकले, आणि ते म्हणाले की हे वरिष्ठांना कळवलं पाहिजे, असली बुद्धी कुठल्याच ऑफिसात नसेल. मी मात्र ते वाक्य मनात पुन्हा वाचत होतो. चार शब्द, पूर्णविराम, आणि मग तो ‘परत’, आणि पुन्हा पूर्णविराम. जगात कुठलंही यंत्र असं ‘परत’ म्हणत नाही. ते म्हणायला चौतीस वर्षं लागतात. मी वळून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. साडेदहा, आंघोळ आणि न्याहारी झाल्यावर. एक ते चार, जेवण आणि झोप. सव्वाचार, चहा. बुधवार, अकरा ते साडेबारा, दात. चार कागद जोडून, चार रंगांच्या पेनांनी, मी चार दिवस माझ्या आईची दिनचर्या काढत बसलो होतो.

आणि मग रविवारची दुपार आठवली. बंद ऑफिस, पंख्याचा आवाज, आणि प्रणाली बसवण्यापूर्वी भरायचा बेचाळीस रकान्यांचा अर्ज. इमारतीचे मजले किती, फॅक्स क्रमांक काय. आमचं फॅक्स यंत्र सहा वर्षांपूर्वी वारलं, पण रकाना रिकामा सोडला तर अर्ज पुढे जात नव्हता, म्हणून मी त्याचा क्रमांक घातला. एकतिसावा रकाना, ‘तपासणी अधिकारी’. जागा रिक्त. मी ‘रिक्त’ लिहिलं, अर्जाने घेतलं नाही. भूक लागली होती. कागदोपत्री त्या जागेवर शेवटचं नाव जे होतं ते मी टाकलं, आणि पुढे ईमेलचा पत्ता मागितला तेव्हा बोटांना जो पाठ होता तो टाकला, म्हणजे तिच्या टॅबवर मीच उघडून दिलेला. मला वाटलं, फॅक्ससारखंच हेही एक मेलेलं खातं. बत्तिसाव्या रकान्याकडे गेलो. त्या रकान्याने काय केलं ते आता कळलं. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल नवी प्रणाली दाराशी अडवत होती, आणि तपासणी अधिकाऱ्याला अदबीने लिहीत होती, आपली मंजुरी अपेक्षित आहे. कोणीतरी तिच्याकडे मंजुरी मागत होतं. ती नाही कसं म्हणेल?

मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं आणि तिचं खातं उघडलं. पाच दिवसांत दोनशे अठरा मंजूर, एकतीस परत, सत्तेचाळीस शिल्लक. ‘परत’ची यादी वाचताना मला घाम फुटला आणि हसूही फुटलं. आराखडेवाल्यांनी उतरवायला घातलेला सिनेमा: ‘कामाशी संबंध नाही. परत.’ तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी घरून स्वतःलाच पाठवलेला दुसऱ्या ऑफिसातल्या नोकरीचा अर्ज: ‘अनुभवाची वर्षे चुकली आहेत, नऊ नव्हे सात. परत.’ टपालबाईंचा विणकामाचा नमुना: ‘कामाशी संबंध नाही. शिवाय तिसऱ्या ओळीत टाके जुळत नाहीत. परत.’ साहेबांनी टक्कल पडू नये म्हणून मागवलेली पुस्तिका: ‘उशीर झाला आहे. परत.’ यातल्या एकानेही आपली फाइल आली नाही म्हणून तक्रार केली नव्हती. कशी करणार? सगळे मूग गिळून बसले होते. मी एकतिसाव्या रकान्यावरून तिचं नाव काढायला गेलो. प्रणालीने विचारलं, कारण? मी ते तूर्त रिकामं सोडून पुढे ढकललं, आणि आश्चर्य म्हणजे ते पुढे गेलं. मग उत्तर आलं, आपली विनंती तपासणी अधिकाऱ्यांकडे मंजुरीसाठी पाठवली आहे, कृपया प्रतीक्षा करा. निळी पट्टी सरसर भरली, नव्याण्णव. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. आई जेवून झोपली होती.

मी कोणालाही न सांगता बस पकडून घरी आलो. घर शांत होतं. ती कुशीवर झोपली होती, चष्मा पुस्तकावर, घड्याळ चष्म्याशेजारी, आणि टॅब उशीला टेकवून उभा केलेला. त्यावर एक छोटा आकडा होता, अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस त्यांचे आणि एक माझा. त्याच्याखाली एक बटण होतं, ‘सर्व मंजूर’. टॅबचा परवलीचा आकडा मला माहीत होता, मीच घातला होता. एकदा बोट टेकवलं की सेहेचाळीस पट्ट्या पूर्ण, तीन खड्डे बुजणार, साहेब खूश, भांडार टळलं. मी टॅब उचलला. सातवीत असताना मी प्रगतिपुस्तकावर तिची सही केली होती. हुबेहूब. तिने ती बघितली, रागावली नाही, फक्त म्हणाली, "सही चांगली आहे. पण मी हे वाचलं असतं." त्या वाक्याने जे झालं ते कुठल्याही माराने झालं नसतं. मी टॅब हातात घेऊन उभा होतो आणि मला प्रगतिपुस्तकापेक्षा दुसरीच गोष्ट छळत होती. हा माझा एक अर्ज मंजूर झाला की सोमवारी सकाळी ही बाई आठला उठणार नाही. केस बांधणार नाही. वर्तमानपत्र उलटं धरेल. मला ऑफिसात तोंड दाखवायचं होतं, आणि त्याची किंमत माझ्यासमोर कुशीवर झोपली होती, तोंड थोडं उघडं ठेवून. फोन खिशात थरथरत होता. साहेब. परत साहेब. मी टॅब होता तसा ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. झोपलेल्या माणसाला उठवून त्याची नोकरी काढून घेणं मला जमेना. अडीच वाजले. तीन वाजले. मला तहान लागली होती, पण मी उठलो नाही.

चारला ती उठली. मला बघून दचकली नाही, आधी घड्याळ लावलं, चष्मा लावला, मग म्हणाली, "आज लवकर? बरं नाही का?" मी म्हणालो, "आई, ते नकाशे." ती एकदम सावध झाली, कपाटातली वस्तू कोणी हलवली असावी तशी. "ऑफिसचं घरात नाही बोलायचं," ती म्हणाली. "आज बोलू या," मी म्हणालो. "तुला सांगितलं त्यांनी?" तिच्या आवाजात जरा अभिमान होता. "मी मुद्दामच नव्हतं सांगितलं. म्हटलं, तुला अवघडल्यासारखं होईल. बाई परत आल्या म्हणून लोक तुला चिडवतील." मग म्हणाली, "पण पहिल्या पत्राखाली तुझंच नाव होतं. विनंती करणार, आणि पुढे तुझं नाव. म्हटलं, बघा, शेवटी विचारलं पोराने."

मी खोटं बोलायचं ठरवूनच आलो होतो. म्हणालो, "हो, मीच घातलं तुझं नाव. मुद्दाम." तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एवढंच बघितलं. चौतीस वर्षं तिने लोकांनी अंदाजाने काढलेले नळ ओळखले होते. "मुद्दाम घातलं असतंस," ती म्हणाली, "तर आल्याबरोबर सांगितलं असतंस. तू लहानपणापासून चांगली गोष्ट लपवू शकत नाहीस." मग तिनेच विचारलं, "चुकून गेलं का रे?" "रकाना रिकामा राहत नव्हता," मी म्हणालो. ती पुढे सरकून बसली. "आणि पाच दिवस तिकडे काय झालं?" मी सगळं सांगितलं. पट्ट्या, वायर, तक्ता, खड्ड्याच्या काठावर बसलेली माणसं, पाच वाजता संपणारी मुदत, भांडार. शिपायाचं निदान सांगितलं तेव्हा ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी जरा जास्त वेळ राहिलं. चष्मा काढून पुसत म्हणाली, "मला सांगायचं तरी, मी झोपले नसते." तेवढंच म्हणाली, आणि टॅब मांडीवर घेतला. सर्वांत शेवटी आलेला अर्ज, माझा, तिने उघडला. "यात कारण लिहिलेलं नाही." "आई, पाचला पन्नास मिनिटं आहेत." "मग हे बाजूला राहू दे. आधी आलेले आधी. रस्त्यावर माणसं बसलीत." मी म्हणालो, "खाली एक बटण आहे, सगळं एकदम होतं." तिने ते बटण बघितलं, रस्त्यात पडलेल्या वस्तूकडे बघावं तसं, आणि पहिला नकाशा उघडला.

मी शेजारी बसलो. ती भराभर वाचत होती. मी तिला एवढ्या वेगात वाचताना कधी बघितलं नव्हतं, कारण टेबलाखालून फक्त पाय दिसतात. मध्येच ती विचारायची, "हा नळ शाळेखालून का नेलाय?" आणि मी सांगायचो. "ही नवी खूण कसली?" मी सांगायचो. एका नकाशावर तिने भुवया चढवल्या, मीही बघितलं, आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "खोली दिलेली नाही." "परत," ती म्हणाली आणि बटण माझ्यापुढे धरलं. मी दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही ऑफिसचं घरात बोलत होतो, आणि ते इतकं सोपं होतं की मागची सगळी वर्षं कशात गेली याचा मला रागच आला. साहेबांचा फोन वाजत होता, मी उचलला नाही. चहा करायचं तिला सुचलं नाही, मलाही नाही. पाचला चार मिनिटं असताना सत्तेचाळिसावा झाला, आणि पडद्यावर एकटा माझा अर्ज उरला. तिने टॅब माझ्याकडे दिला. "कारण लिही." मी एक वाक्य लिहून खोडलं. मग लिहिलं, ‘अधिकारी सेवानिवृत्त आहेत.’ तिने ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण एका ओळीला एवढा वेळ लागत नाही. मला वाटलं ती काहीतरी चूक काढेल, आणि मी मनापासून इच्छा केली की काढावी. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मंजूर केलं.

तेवढ्यात फोन वाजला आणि या वेळी मी उचलला. साहेब ओरडत होते, मागे सगळं ऑफिस ओरडत होतं, सगळे शंभर, सगळ्या टेबलांवर शंभर, नवीन आलेलं तर थांबतच नाही, सरळ आत! "केलंस तरी काय?" साहेबांनी विचारलं. "एक नाव काढलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. रिकामा पडदा हळूहळू काळा झाला. ती म्हणाली, "मग उद्या काय करू मी?" रागाने नाही, खरंच विचारलं, कामाची यादी विचारावी तसं. माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही. मी म्हणालो, "उद्या शनिवार आहे." "हो की," ती म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले, तिने पाय लांब केले, घड्याळ काढून मनगट चोळलं. "दमले बाई. बरं झालं सुट्टी आहे." गेल्या पाच वर्षांत तिला सुट्टी अशी एकदाही मिळाली नव्हती. ती उशीला टेकून बसली आणि मला म्हणाली, दोन दिवस आहेत, जरा कुठेतरी बाहेर जाऊन येऊ. मी हो म्हणालो. सोमवारबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.